झालर कापणारे बशीरभाई

"झालर कापू का?"

दोह्यातल्या अल नस्र भागात, आमच्या फ्रेमच्या दुकानात कोणीही हातकागदावरचं चित्र घेऊन आलं, की आतल्या टेबलावरून बशीरभाईंचा हा प्रश्न यायचा. गिऱ्हाईक मराठी असेल तर मराठीत, नाहीतर हिंदीत, नाहीतर त्यांच्या मोडक्या इंग्रजीत. झालर म्हणजे हातकागदाची कड. हातकागद तयार होताना लगदा चौकटीच्या खालून थोडासा बाहेर सरकतो आणि वाळल्यावर तावाच्या चारी बाजूंना एक पातळ, वेडीवाकडी, मऊ कड राहून जाते. हल्ली लोक कागदापेक्षा त्या कडेवरच जास्त भाळतात. ती दिसावी म्हणून चित्र मागच्या पुठ्ठ्यापासून किंचित वर उचलून, चारी बाजू मोकळ्या ठेवून लावायचं, अशी पद्धत आहे. वेस्ट बेच्या ऑफिसांमधून येणारे लोक तेवढ्यासाठी आमच्याकडे येत. आणि बशीरभाई त्यांना विचारत की ही घाण काढून टाकू का.

बशीरभाई मला आवडत नव्हते. आधीच सांगून टाकते, कारण जुन्या माणसाबद्दल लिहायला बसलं की तो माणूस पानागणिक गोड होत जातो. बशीरभाईंना मी गोड होऊ देणार नाही. सहा वर्षं मी त्यांच्यापासून दहा फुटांवर बसले आहे. ते खडूस होते, हट्टी होते आणि समोरच्याचा पाणउतारा करण्यात त्यांना मनापासून आनंद व्हायचा.

माझ्या नवऱ्याला इथल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही नाशिकहून दोह्याला आलो. घरात बसून कंटाळले, तेव्हा या दुकानात काउंटरवर लागले. पहिल्याच दिवशी मी बशीरभाईंना सांगितलं की मी नाशिकला कलेचा डिप्लोमा केला आहे आणि जलरंगात काम करायचे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही डिप्लोमा बाई." तेव्हापासून शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी मला माझ्या नावाने एकदाही हाक मारली नाही. दुकानाचा मालक जॉर्ज लेबनानचा. त्याला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण काही दिवसांनी तोही मला "डिप्लोमा" म्हणू लागला. त्याला ते माझं आडनाव वाटलं होतं.

साठीला आलेला सडपातळ माणूस. शर्टाला दोन खिसे असलेच पाहिजेत, डाव्या खिशात पेन्सिल आणि उजव्यात चष्म्याचं घर. कागदाला हात लावण्याआधी साबणाने तीनदा हात धुवायचे. तो साबण त्यांचा स्वतःचा असायचा आणि मी वापरू नये म्हणून ते तो काचांच्या पेटाऱ्यामागे लपवायचे. त्यांची एक स्टीलची फूटपट्टी होती, गावाहून आणलेली, आकडे घासून गेलेली. ती मी एकदा पार्सलचा खोका उघडायला वापरली. अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं होतं की ते अकरा दिवस सुखाचे जातील, पण ते गप्प राहूनसुद्धा भांडू शकत असत. मी काउंटरवर ठेवलेली प्रत्येक वस्तू येता जाता ते काटकोनात सरळ करून ठेवायचे.

कागद पारखण्याची त्यांची एक सवय तर मला अगदी असह्य व्हायची. डोळे मिटून ते तावाची कड आपल्या खालच्या ओठावरून हळूच फिरवायचे. हात इतके धुतलेले असताना हे काय, असं मी विचारलं, तर म्हणाले की बोटं खोटं बोलतात, काम करून करून ती मेलेली असतात. ओठ अजून जिवंत असतो. त्यावरून मग कागद कापसाचा की तागाचा, हाताचा की मशीनचा, उन्हात वाळवलेला की सावलीत, हे ते सांगायचे. गिऱ्हाईकासमोर हा प्रकार होऊ नये म्हणून मी मध्ये पडदा लावून घेतला.

गिऱ्हाईकांचे तर ते वैरीच. एका बाईंनी हौसेने काढलेलं वाळवंटाचं चित्र आणलं. त्यांना म्हणाले, काळजी करू नका, काच लागली की बरं दिसेल. माझी नाशिकची जुनी चित्रं मी कधीमधी त्यांना दाखवायची. का दाखवायची, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. ते चित्र हातात घ्यायचे, उलटं करायचे, पाठ बघायचे आणि म्हणायचे, "ही बाजू चांगली आहे."

पण हात चांगला होता, हे नाकारून चालणार नाही. त्यांनी कापलेल्या माउंटचे, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीचे, कोपरे भिंगाखाली बघितले तरी चूक सापडत नसे. जॉर्ज त्यांना ठेवून घ्यायचा तो एवढ्याचसाठी.

त्या मानपत्राच्या वेळी मात्र जॉर्जही हादरला. पुण्याचे एक इंजिनिअर आपल्या वडिलांचं मानपत्र घेऊन आले होते. वडील कुठल्याशा गावी मुख्याध्यापक होते आणि निवृत्तीच्या वेळी गावाने त्यांना जाड हातकागदावर सुंदर अक्षरात मानपत्र दिलं होतं. वडील नुकतेच गेले होते. मी त्या दिवशी बँकेत गेले होते, त्यामुळे गिऱ्हाईक थेट बशीरभाईंच्या तावडीत सापडलं. ते गृहस्थ म्हणाले, नीट फिनिशिंग करून द्या, खर्चाचं बघू नका. बशीरभाईंनी नीट फिनिशिंग केलं. चारही कडा फूटपट्टी लावून, सुरीने, एका दमात कापून काढल्या.

चार दिवसांनी ते गृहस्थ आले आणि फ्रेम बघून स्टुलावर बसले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की बाबा दर दिवाळीला हे मानपत्र बाहेर काढायचे आणि त्या कडांना धरून दोन्ही हातांत घ्यायचे. बशीरभाई आतून आले, फ्रेमकडे बघितलं आणि अगदी प्रामाणिकपणे, कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले, "आता पुरं झालं ते. आधी अर्धंच होतं."

त्यांच्या चेहऱ्यावर मला पश्चात्ताप शोधूनही सापडला नाही. आपलं काय चुकलं हे त्या माणसाला खरोखरच कळलं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. जॉर्जने त्याच दुपारी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. यापुढे कुठल्याही कागदाच्या कडेला सुरी लावायची नाही, विचारायचंसुद्धा नाही. अजून एक कड कापली तर खलास, तिकीट हातात. काच असलेली केबिन होती, मी सगळं बाहेरून ऐकत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तेव्हापासून "झालर कापू का" बंद झालं. त्याऐवजी ते गिऱ्हाईकासमोर फूटपट्टी अलगद कडेवर ठेवायचे आणि नुसतं त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे.

एका रमझानमध्ये, दुपारी दुकान रिकामं होतं, तेव्हा मी त्यांना चिडूनच विचारलं की एवढा त्या कडांवर राग कशासाठी. सहा वर्षांत त्यांनी मला सरळ उत्तर दिलं ते तेवढंच. ते दौलताबादजवळच्या एका गावचे. तिथे त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या हातकागद व्हायचा, त्यांचं आडनावही कागदी. लगद्याचा हौद जमिनीत, कमरेएवढा. साच्याने ताव उचलायचा, दाबायचा, भिंतीवर चिकटवून वाळवायचा, खळ लावायची, दगडाने घोटायचा, आणि सगळ्यात शेवटी चारही कडा कापायच्या. कड कापली की ताव झाला. कड असलेला ताव वडील कोणाला दाखवतसुद्धा नसत, जसं आपण अर्धवट शिवलेला कपडा घालून बाहेर जात नाही. कापलेलं कातरण पुन्हा हौदात जायचं. काहीच वाया नाही.

मग शहरातून माणसं यायला लागली आणि म्हणाली, कडा कापू नका, बाहेरच्या लोकांना अशाच हव्यात. वडिलांनी नाही म्हटलं. ते गेल्यावर धाकट्या भावाने हो म्हटलं. आता भाऊ घोटत नाही, कापत नाही, आणि त्याचं बरं चाललं आहे. बशीरभाई म्हणाले, "तो अर्धा कागद विकू राहिला, आन् मी इकडं त्याच अर्ध्या कागदाला फ्रेमा करू राहिलो." एवढं बोलून ते उठले आणि हात धुवायला गेले. मला त्यांची दया आली नाही. मला वाटलं, वडिलांचा राग हा माणूस अख्ख्या दोह्यावर काढतो आहे.

आता माझ्याकडे येते.

दोह्याबाहेर, समैस्माला समुद्रकाठी एका बंगल्याचं काम चालू होतं. त्याचं इंटिरिअर करणारी एक फ्रेंच बाई आमच्याकडे यायची. तिने काउंटरमागे लावलेलं माझं एक जुनं छोटं चित्र बघितलं आणि तिला ते आवडलं. जेवणाच्या खोलीसाठी बारा चित्रं हवीत, समुद्राचे रंग, हातकागदावर, खऱ्या कडा असलेल्या. खऱ्या हा शब्द तिने दोनदा उच्चारला. जॉर्जने मला सांगितलं की हे काम नीट झालं तर मला काउंटरवरून काढून मागे चित्रांचं टेबल लावून देईन. बत्तीस वर्षांची असताना मी रंगांची पेटी बंद करून ठेवली होती, ती मी त्या आठवड्यात वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी उघडली. माझ्या मुलीने शाळेतून आल्यावर टेबल बघितलं आणि म्हणाली, "आई, आर यू अ रिअल आर्टिस्ट नाऊ?" मी हो म्हटलं.

भारतातून मोजून बारा ताव मागवले. जास्त का मागवले नाहीत, तर मला माझ्या हाताची खात्री होती. पाच ताव बिघडले. हातकागद रंग कसा पितो याचा मला अंदाजच नव्हता. नवीन ताव यायला तीन आठवडे लागणार होते आणि आमच्याकडे नऊ दिवस होते. मी स्टेशनरीच्या दुकानातून जाड, खरबरीत, मशीनचा कागद आणला, त्यावर उरलेली पाच चित्रं केली, मग ओल्या ब्रशने कडेला रेघ ओढून, पट्टी दाबून, चारही बाजू हळूहळू फाडल्या. फाडलेली कडही तशीच मऊ, तशीच वेडीवाकडी दिसते. मी ती सात आणि ही पाच चित्रं शेजारी ठेवून बघितली. काचेआड कोणाला कळणार होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी बशीरभाईंनी बाराही ताव टेबलावर घेतले. पडदा अर्धा उघडा होता. त्यांनी पहिला ताव उचलला, डोळे मिटले, कड ओठावरून फिरवली आणि ताव डावीकडे ठेवला. दुसराही डावीकडे. तिसरा उजवीकडे. मी काउंटरवर बिल करत होते आणि माझा हात थांबला. बारा ताव संपले तेव्हा डावीकडे सात होते आणि उजवीकडे पाच.

त्यांनी मला आत बोलावलं आणि विचारलं की ही कड कोणी केली. मी म्हटलं, कागदवाल्याने, आणखी कोण करणार.

"खोटं बोलू राहिल्या तुम्ही."

मी म्हटलं, वेळ नाहीये बशीरभाई, लावून टाका. तुम्हाला तरी कडा कुठे आवडतात? तुम्हाला खरी काय आणि खोटी काय, दोन्ही सारख्याच.

त्यांनी उजवीकडचा ढीग काटकोनात सरळ केला. मग म्हणाले, "बाई, आमच्यात कड चुकून राहायची. पाणी ठेवून जायचं. म्हणून कापायचो. तुम्ही ती मुद्दाम करू राहिल्या."

मला त्यांचं म्हणणं त्याच क्षणी कळलं, आणि कळलं म्हणूनच मी चवताळले. मी म्हटलं, तुमचा भाऊ तेच विकतो ना? त्याला जाऊन सांगा. इथे मला शिकवू नका.

हे मी बोलायला नको होतं. त्यांनी पडदा ओढून घेतला. मी संध्याकाळी घरी जाईपर्यंत आतून काहीच आवाज आला नाही, आणि मी निघाले तेव्हा मनात एकच धाकधूक होती की हा माणूस उद्या जॉर्जला सांगणार. रात्रभर मी उत्तरं तयार करत होते.

सकाळी जॉर्ज आणि ती फ्रेंच बाई माझ्या आधी पोचले होते. बाराही फ्रेमा भिंतीला टेकवून ओळीने ठेवल्या होत्या. बाराही चित्रांच्या कडा कापलेल्या होत्या. साफ, सरळ, काटकोनात. सात खऱ्या आणि पाच खोट्या, सगळ्या एकसारख्या. कुठलं चित्र कुठल्या कागदावर आहे हे आता माझं मलाच ओळखता येईना.

फ्रेंच बाई एका जागी उभी राहून एकच शब्द परत परत म्हणत होती. जॉर्जचा चेहरा लाल झाला होता. कोणी केलं, असं त्याने विचारलं. बशीरभाई पुढे आले, शर्टाचे दोन्ही खिसे चाचपले आणि म्हणाले, "आय कट. फिनिशिंग."

जॉर्ज माझ्याकडे वळला. तू याला कडा ठेवायच्या आहेत हे सांगितलं नव्हतंस का, असं त्याने मला विचारलं.

बशीरभाई माझ्याकडे बघत नव्हते. ते फ्रेमांच्या ओळीकडे बघत होते आणि त्यातली एक थोडी तिरकी होती. तिथे मी गप्प राहू शकले असते. खरं सांगू शकले असते. मी म्हणाले, "मी दोनदा सांगितलं होतं."

बशीरभाईंनी वाकून ती तिरकी फ्रेम सरळ केली.

दुसरा इलाज नव्हता म्हणून फ्रेंच बाईने तीच चित्रं नेऊन लावली, आणि चार दिवसांनी तिचा फोन आला. बंगल्याच्या मालकिणीला चित्रं फार आवडली होती, विशेषतः त्यांच्या स्वच्छ कडा. पण तोपर्यंत जॉर्जने तिकीट काढलं होतं आणि त्याचा राग कमी झाला तरी शब्द मागे घेऊन तो स्वतःचा मान कमी करून घेणार नव्हता. बशीरभाईंच्या धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं, हे मला त्यांच्या जाण्याच्या आदल्या दिवशी कळलं, आणि तेही शेजारच्या शिंप्याकडून. मला मागे चित्रांचं टेबल मिळालं.

त्यांनी मला वाचवलं का? पुष्कळ विचार केला मी. पाच खोटे आहेत एवढंच जॉर्जला सांगितलं असतं तर ते राहिले असते आणि मी गेले असते. फक्त पाचच कापले असते तर गिऱ्हाईकाला फरक दिसला असता. बाराही कापल्यामुळेच मी वाचले. पण बाराही कापायची इच्छा तर त्यांना पहिल्या दिवसापासूनच होती. आयुष्यभर त्यांना जे करायचं होतं ते त्यांनी शेवटी एकदा मनसोक्त केलं, आणि मला त्यात ओढलं, असंही म्हणता येईल. मी स्वतःला हे दुसरं उत्तर देत असते. ते पचायला सोपं आहे.

शेवटच्या दिवशी दुपारी ते किल्ली द्यायला आले. खांद्याला एक बॅग, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फूटपट्टी. जॉर्ज नमाजच्या वेळेत दुकान बंद करून जेवायला गेला होता, मी एकटीच होते. मी म्हणाले, बशीरभाई, बसा, चहा मागवते. ते बसले नाहीत. शर्टाच्या उजव्या खिशातून त्यांनी चष्म्याचं घर काढून बॅगेत टाकलं, आणि त्याच खिशातून कागदाची एक लांबट पुडी काढून काउंटरवर माझ्यासमोर, काटकोनात, ठेवली.

"सात तावांचं कातरण मी नेऊ राहिलो," ते म्हणाले. "भावाच्या हौदात टाकीन. हे पाचाचं. हे तुमचं तुम्ही ठेवा, डिप्लोमा बाई. हे आमच्या हौदात चालत नाही."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. माफ करा, एवढं तरी. मला राग आला होता. ते शांतपणे माझ्याकडे बघत होते म्हणून, माझं नाव त्यांनी आजही घेतलं नाही म्हणून, आणि मी त्यांना काहीच परत करू शकत नव्हते म्हणून. मी पुडीला हातही लावला नाही. ते दाराशी गेले, काचेवर त्यांच्या बोटाचा ठसा उमटला, तो त्यांनी थांबून बाहीने पुसला आणि मग बाहेरच्या उन्हात गेले.

ते गेल्यावर मी पुडी उघडली. आत वीस पट्ट्या होत्या, पाच तावांच्या चार चार बाजू, एकावर एक नीट रचून दोऱ्याने बांधलेल्या. मी केलेली खोटी झालर त्यांनी एवढ्या काळजीने कापली होती की वीसमधली एकही पट्टी कुठे तुटलेली नव्हती.

ती पुडी माझ्या टेबलाच्या खणात आहे. नवीन कागद आला की मी आजूबाजूला कोणी नाही ना हे बघते आणि कड खालच्या ओठावरून फिरवते. आता मलाही कळतं. बशीरभाई मला आजही आवडत नाहीत.